कॉम्प्युटरमध्ये वेगळी लावायची कार्डं: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफिक्स, लॅन, वायफाय, यूएसबी, सिरीयल अशा कार्डांबद्दल किनारपट्टीवरून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि बेभरवशाची लाईट यांमुळे इथली दुखणी घाटावरच्यापेक्षा थोडी वेगळी असतात. बंद पडलेलं म्हणून काढून ठेवलेलं कार्ड पुष्कळदा ठीकच असतं, बिघाड त्याच्या आजूबाजूला असतो. म्हणून नवीन मागवण्याआधी निदान प्रश्न ४ आणि ७ वाचा.

१. मला कार्डाची खरंच गरज आहे का?

मदरबोर्डवर (कॉम्प्युटरमधल्या मुख्य बोर्डवर) जी सोय नाही, किंवा होती पण गेली, ती मिळवण्यासाठी कार्ड लावतात. लॅन पोर्ट जळला, वजनकाट्याला सिरीयल पोर्ट हवा, वायफाय नाही, यूएसबी पोर्ट कमी पडतात, व्हिडिओ एडिटिंगला ग्राफिक्स हवं, ही नेहमीची कारणं. तेच काम बाहेरून यूएसबीला लावायच्या वस्तूने भागत असेल आणि ती कधीमधीच लागणार असेल, तर कॅबिनेट उघडू नका. रोज आठ तास चालणाऱ्या कामाला मात्र कार्डच बरं. ते धक्का लागून सुटत नाही आणि पोर्टचा नंबर बदलत नाही. लॅपटॉपमध्ये साधारणपणे वायफाय आणि एसएसडी एवढ्याच गोष्टी अशा बदलता येतात (प्रश्न १०).

२. माझ्या मदरबोर्डवर कोणता स्लॉट आहे ते कसं ओळखू?

स्लॉट म्हणजे कार्ड बसवायचं लांबट सॉकेट. त्याची लांबी मोजा. पीसीआय एक्सप्रेसचा एक्स१ स्लॉट सुमारे २५ मिलिमीटर, एक्स४ सुमारे ३९ आणि एक्स१६ सुमारे ८९ मिलिमीटर असतो. जुना पीसीआय स्लॉट लांबीला एक्स१६ च्या जवळ जातो, पण तो बहुधा पांढरा असतो आणि त्याची खाच वेगळ्या जागी असते. पीसीआय १९९२ मधलं, पीसीआय एक्सप्रेस २००३ मधलं. दोघांची जोडणी वेगळी आहे, त्यामुळे एकाचं कार्ड दुसऱ्यात जात नाही. जोर लावलात तर स्लॉट फुटेल.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये लहान कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये बेलाशक चालतं. एक्स१ चं लॅन कार्ड एक्स१६ मध्ये लावायला हरकत नाही. उलट करायचं तर स्लॉटची मागची बाजू उघडी हवी. फसगत होते ती दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये. तो दिसतो एक्स१६, पण आत पिना एक्स४ पुरत्याच असतात. टॉर्च मारून बघा, पुढच्या भागातच पिना दिसतील. काही बोर्डांवर एम.२ मध्ये (एसएसडीसाठीच्या छोट्या स्लॉटमध्ये) एसएसडी लावली की एखादा स्लॉट किंवा दोन साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायचे) बंद होतात. तो बिघाड नव्हे. मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं.

३. कार्ड बसवायची बरोबर पद्धत कोणती?

प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जाईल. हात धुऊन कोरडे करा. इथल्या हवेत घाम सुकत नाही आणि घामातलं मीठ कार्डाच्या स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी दातांवर बसतं. रंग न दिलेल्या लोखंडी भागाला हात लावून मग कार्ड कडेने धरा.

स्लॉटसमोरची कॅबिनेटची मागची पट्टी काढा. ब्रॅकेटचं (कार्डाच्या धातूच्या पट्टीचं) खालचं टोक मदरबोर्ड आणि कॅबिनेट यांच्या फटीत जातंय याची खात्री करून कार्ड सरळ खाली दाबा. एक्स१६ स्लॉटला पकड असेल तर ‘टक’ आवाज येतो. आता स्क्रू आवळा आणि आवळल्यावर कार्डाचं मागचं टोक पुन्हा बघा. स्वस्तातल्या कॅबिनेटचा पत्रा वाकडा असतो, त्यामुळे स्क्रू घट्ट झाला की ब्रॅकेट ओढला जातो आणि कार्ड मागून मिलिमीटरभर उचललं जातं. मग मशीन कार्ड कधी ओळखतं, कधी नाही. पत्रा किंचित वाकवून सरळ करा किंवा स्क्रू थोडा सैल ठेवा.

४. कार्ड लावलं, पण विंडोजमध्ये पिवळी खूण येते. काय करू?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीवर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे कार्ड सुरू होत नाही, बहुतेक वेळा चुकीच्या ड्रायव्हरमुळे. कोड १२ म्हणजे कार्डाला लागणारी जागा मशीनला देता येत नाही. जुन्या बोर्डवर बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट करून किंवा न लागणारे पोर्ट बायोसमधून बंद करून बघा. कोड ४३ म्हणजे कार्डानेच गडबड कळवली आहे. दात पुसा (प्रश्न ७), स्लॉट बदला, दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा, आणि मगच कार्ड खराब म्हणा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच दिसत नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. संपर्क, स्लॉट किंवा वीज यांतलं काहीतरी चुकलं आहे.

लॅन कार्डाचा ड्रायव्हर हवा, पण नेटच नाही, अशी अडचण नेहमी येते. मोबाइल यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला तेवढं नेट पुरतं.

५. वीज कडाडली आणि लॅन पोर्ट गेला. मदरबोर्ड बदलायला सांगतात. खरं का?

बाकी मशीन नीट चालत असेल तर नाही. आधी केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टला लावा, कारण बरेचदा राउटरचा तो एकच पोर्ट गेलेला असतो. दुसऱ्या मशीनवर तीच केबल चालते आणि इथे पोर्टचा दिवा लागत नाही, असं असेल तर एक्स१ चं साधं गिगाबिट लॅन कार्ड घ्या. रिअलटेकच्या आरटीएल८१११ मालिकेची चिप असली की विंडोज आणि लिनक्स दोन्हींत सहसा त्रास नसतो. कार्ड लावायच्या आधी बायोसमध्ये जाऊन बोर्डावरचा लॅन बंद करा. अर्धवट जळालेली चिप चालू राहिली तर मशीन मध्येच अडकतं.

नवीन कार्डही पुढच्या गडगडाटात जाणारच, जर केबल तशीच राहिली तर. घरातून दुकानात, किंवा ऑफिसातून गोडाऊनमध्ये, माडाला बांधून नेलेली तांब्याची लॅन केबल हे मूळ दुखणं आहे. जवळपास वीज पडली की तारेत दाब तयार होतो आणि तो दोन्ही टोकांची यंत्रं जाळतो. यूपीएस इथे काही करू शकत नाही, कारण धक्का विजेच्या प्लगमधून येतच नाही. दोन इमारतींमध्ये फायबर टाका आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा) लावा. फायबरच्या ड्रॉप केबलमध्ये आधाराची पोलादी तार असते. ती यंत्रापासून दूर, बाहेरच तोडून बांधायला सांगा. मे-जूनमध्ये पाऊस सुरू होताना आणि ऑक्टोबरात तो परतताना दुपारनंतर आभाळ भरून आलं, की प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवणं सगळ्यात स्वस्त.

६. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. कार्डाला धोका आहे का?

कार्डाला आहे, तुम्हालाही आहे. अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. एसएमपीएसमधल्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या) फिल्टरमुळे अर्थ नसलेल्या कॅबिनेटवर मेनच्या जवळजवळ निम्मा दाब चढतो. करंट थोडा असतो, पण चालू मशीनला वजनकाटा, प्रिंटर किंवा टीव्ही जोडताना तो पोर्टमधून वाट काढतो आणि सिरीयल किंवा एचडीएमआयची चिप घेऊन जातो.

वायरमनकडून मीटरने तीन मोजमापं करून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० व्होल्टच्या आसपास हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. कोकणातली खास गोम जांभ्याची आहे. जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा पावसात उत्तम चालतो आणि मार्चनंतर कोरडा ठणठणीत होतो. तेव्हा जून ते नोव्हेंबर केलेलं मोजमाप धरून बसू नका, एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. खड्ड्यात पाइप सोडून उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घाला.

७. कार्डाचे सोनेरी दात काळपट झालेत. रबर मारू का?

सगळेच मारतात, आणि पहिल्यांदा गुण येतो. पण दातांवरचा सोन्याचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. शाईचा खरखरीत रबर दोन-तीनदा मारला की सोनं निघतं, मग खारी हवा थेट तांब्याला भिडते. पुढच्या श्रावणात तेच कार्ड पुन्हा काढावं लागतं, तेव्हा दातांच्या कडेला हिरवट कण दिसतात.

त्याऐवजी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. धागे न सुटणाऱ्या कापडावर थोडं ओतून दात लांबीच्या दिशेने, बोर्डाकडून टोकाकडे पुसा. कापड काळं होणं थांबेपर्यंत जागा बदलत राहा. दहा मिनिटं वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर राहतो. स्पिरिटमध्ये पाणी असतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे तर नकोच, त्यावर धूळ चिकटते. काळपटपणा तरीही जात नसेल, तर पांढरा मऊ खोडरबर एकदाच, हलक्या हाताने, आणि नंतर पुन्हा अल्कोहोल.

स्लॉटही साफ करायचा असतो, तो सगळे विसरतात. रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब जातात. मग अल्कोहोलने ओले केलेले दात स्लॉटमध्ये तीन-चार वेळा घालून काढा आणि अर्धा तास थांबा.

८. आम्ही मुंबईत असतो. गावचं घर मे महिन्यानंतर थेट गणपतीत उघडतं. कॉम्प्युटर कसा ठेवावा?

मीठ हवेतली ओल ओढतं. दमटपणा साधारण ७५ टक्क्यांवर गेला की मिठाचा कण स्वतःच विरघळतो, आणि पावसाळ्यात इथे हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे कार्डावर बसलेली मिठाची पूड चार महिने ओलीच राहते. चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने वाळतं, बंद मशीनला ती सोय नाही.

जाण्याआधी कॅबिनेट उघडून ब्लोअरने साफ करा. ग्राफिक्स किंवा सिरीयलसारखं महागडं कार्ड काढून, अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. पाच लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम जेल पुरतं. निळं जेल गुलाबी झालं की १२० अंशांवर दोन तास भाजा, पुन्हा निळं होतं. त्यात कोबाल्ट असतं, तेव्हा जेवणाची भांडी आणि मुलांचे हात लांब ठेवा. रिकाम्या स्लॉटला पट्टी लावा (प्रश्न १४). कॅबिनेट भिंतीला टेकवून किंवा पागोळ्यांच्या बाजूच्या खिडकीखाली ठेवू नका. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आतली ओल आतच कोंडते.

गणपतीत आल्याआल्या बटण दाबायची घाई नको. दारं-खिडक्या उघडा, कॅबिनेटची बाजू काढून पंख्यासमोर चार-पाच तास ठेवा, मग चालू करा.

एसीच्या खोलीचं गणित उलटं आहे. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसी २० वर ठेवून मशीन बंद केलं आणि दार उघडलं की थंड कार्डावर दव धरतं. एसी २६-२७ वर ठेवा.

९. ग्राफिक्स कार्डासाठी माझा एसएमपीएस चालेल का? त्यावर ४५० वॅट लिहिलं आहे.

तो आकडा सोडा, लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १४ अँपिअर असतील तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट, आणि प्रोसेसरलाही त्यातूनच खायचं आहे. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यांची स्थिती बहुधा अशीच असते.

एक्स१६ स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनांची जोडणी आणखी ७५ देते, ८ पिनांची १५०. जीटी १०३० सुमारे ३० वॅटवर चालतं, जीटीएक्स १६५० चं साधं मॉडेल ७५ वॅटमध्ये बसतं, म्हणजे वेगळी वायर लागत नाही. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, तिथे चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनांच्या प्लगवरून) ८ पिनांचं कनव्हर्टर लावून वेळ मारून नेऊ नका, प्लग वितळतो.

यूपीएसही बघा. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो. मोठं कार्ड पूर्ण ताकदीने चालत असताना लाईट गेली की यूपीएस नुसता कुंई करून बंद पडतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो प्युअर साइनवेव्ह हवा. चौकोनी लहरींवर बरेच नवे एसएमपीएस गुरगुरतात किंवा सुरूच होत नाहीत.

ऑफिसमधून निघालेल्या ब्रँडेड अरुंद मशीनमध्ये दोन अडचणी आणखी येतात. एसएमपीएस त्याच कंपनीचा वेगळ्या आकाराचा असतो आणि कार्ड लो-प्रोफाइल लागतं. पूर्ण उंचीचा ब्रॅकेट १२ सेंटिमीटर, लो-प्रोफाइलचा सुमारे ८. मागवताना दोन्ही ब्रॅकेट खोक्यात आहेत का ते विचारा.

कार्ड लावूनही स्क्रीन काळीच राहिली, तर मॉनिटरची केबल कार्डाला आहे की अजून मदरबोर्डलाच, हे आधी बघा. मग वरची वीजजोडणी. दोन्ही बरोबर असतील तर बायोस अपडेट. फार जुन्या बोर्डवर नवं कार्ड युईएफआयशिवाय (बायोसच्या नव्या पद्धतीशिवाय) चित्रच देत नाही.

१०. वायफाय कार्ड लावलं, वायफाय चालतं, पण ब्लूटूथ दिसत नाही.

डेस्कटॉपच्या कार्डावर ब्लूटूथ यूएसबीतून चालतं. खोक्यात एक बारीक केबल येते, ती कार्डावरून मदरबोर्डच्या ९ पिनांच्या यूएसबी २.० हेडरला लावायची असते. ती राहून गेली की ब्लूटूथ नाही. हेडर आधीच कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांनी अडवला असेल तर एकाचे दोन करणारा हब मिळतो.

रेंज कमी येत असेल तर अँटेना कॅबिनेटच्या मागे, पत्रा आणि भिंत यांच्या फटीत आहेत का बघा. वायरवाला अँटेनाचा स्टँड घेऊन तो टेबलावर ठेवा. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ टिकत नाही, तिथे २.४ वरच राहा.

लॅपटॉपसाठी कार्ड मागवताना नाव नीट वाचा. इंटेलचं एएक्स२०१ आणि एएक्स२११ फक्त त्यांना आधार देणाऱ्या इंटेलच्या मशीनवर चालतात. एएक्स२०० आणि एएक्स२१० साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालतात. स्लॉट दिसायला एकच, त्यामुळे चुकीचं येतं. काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते, बाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरूच होऊ देत नाहीत.

११. काजूच्या गोडाऊनमधला वजनकाटा नव्या कॉम्प्युटरला जोडायचा आहे. सिरीयल कार्ड कोणतं?

एक्स१ चं, एक किंवा दोन पोर्टांचं कार्ड पुरतं. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर त्याला कॉम १ ते ४ एवढेच पोर्ट दिसतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन नंबर त्यातलाच द्या. काट्याच्या मॅन्युअलमधला वेग (बहुधा ९६००), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, हे दोन्हीकडे सारखं हवं. अक्षरं येतात पण अगम्य येतात, म्हणजे वेग जुळत नाही.

काहीच येत नसेल तर कार्डाची परीक्षा अशी: केबल काढून पोर्टमधल्या २ आणि ३ नंबरच्या पिना टाचणीने जोडा, टर्मिनलच्या प्रोग्रॅममध्ये पोर्ट उघडा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर कार्ड ठीक, दोष केबलमध्ये किंवा काट्यात. केबल १५ मीटरच्या आत ठेवा. काटा आणि मशीन वेगवेगळ्या विजेच्या बोर्डांवरून चालत असतील तर मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारं यंत्र) लावा. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

१२. पतसंस्थेचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल कार्डावर विंडोजमधून चालतो, जुन्या डॉस प्रोग्रॅममधून नाही. का?

डॉस प्रोग्रॅम प्रिंटरला एलपीटी१ या नावाने किंवा थेट ३७८ या पत्त्यावर शोधतो, आणि कार्डाला दुसरा पत्ता मिळालेला असतो. प्रिंटर विंडोजमध्ये शेअर करा आणि ‘नेट यूज’ कमांडने एलपीटी१ त्या शेअरला जोडा. पत्त्यावर थेट लिहिणारा प्रोग्रॅम यानेही ऐकत नाही. त्याला पॅरलल पोर्ट असलेलं जुनं मशीनच लागतं.

१३. जुन्या मशीनमध्ये कार्डावर एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी) एसएसडी लावली. दिसते, पण तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही.

साधारण २०१४ पूर्वीच्या बहुतेक बोर्डांच्या बायोसला एनव्हीएमई कळत नाही. डेटा ठेवायला ती चालेल, विंडोज साध्या साटा एसएसडीवर ठेवा. वेगही बघा. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या एक्स१ स्लॉटमध्ये सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे साटाइतकंच. एसएसडी मुळीच दिसत नसेल तर ती एम.२ आकाराची पण साटा जातीची असेल. साध्या कनव्हर्टर कार्डावर ती चालत नाही.

१४. कॅबिनेटमध्ये पाल शिरली आणि कार्डावर पांढरे डाग पडले. साफ करता येईल?

येईल, उशीर केला नसेल तर. पालीच्या विष्ठेतलं आम्ल आणि क्षार ओल धरून पिनांमधलं तांबं खातात. प्लग काढून, कार्ड बाहेर घेऊन, मऊ ब्रश आणि अल्कोहोलने डाग सोडवा. चिपच्या पिनांमध्ये ब्रश पिनांच्या दिशेनेच फिरवा. कार्ड काढलेल्या जागेची पट्टी परत न लावणं, हाच पालीचा राजमार्ग. पट्टी हरवली असेल तर बारीक जाळी स्क्रूने बसवा. पुठ्ठा लावू नका, ओल धरतो आणि मुंग्यांना आवडतो.

१५. पुराच्या पाण्यात बुडालेली कार्डं वाचतात का?

वीज बंद असताना बुडाली असतील तर बरीच वाचतात. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात गाळ असतो आणि खाडीजवळ मीठही. सुकून गेलेला गाळ चिपखाली अडकतो, म्हणून वाळायच्या आत धुवायचं. चालू होतंय का, हे बघण्यासाठी बटण दाबणं हीच सगळ्यात घातक चूक.

प्लग काढा, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढा. कार्डावरचे पंखे आणि हीटसिंक सोडवा. स्वच्छ गोड्या पाण्याने मऊ ब्रश लावून गाळ काढा, मग डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल ओता, ते चिपखालचं पाणी बाहेर काढतं. पंख्याखाली तीन दिवस उभं ठेवून वाळवा. तांदळात पुरून काही होत नाही, पीठ मात्र स्लॉटमध्ये जातं. हीटसिंकखाली नवी थर्मल पेस्ट लावा. आधी मशीन कार्डाशिवाय चालू करा, मग एकेक कार्ड घाला.

एसएमपीएस बुडाला असेल तर तो वाचवायच्या भानगडीत पडू नका, नवा घ्या. डेटा लागणार असलेली हार्डडिस्क मात्र धुवू नका, वाळवू नका आणि लावूनही बघू नका. ओली असतानाच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा.